निधनाची ताजी तारीख

माझे वडील देवमन वानखडे गेल्या वर्षी चौदा मार्चला अकोल्यात वारले. याबद्दल घरात कधी मतभेद नव्हते. घर आईच्या नावावर करायचं म्हणून मी मृत्यूचा दाखला घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने, ललितबाबूंनी, दाखला बाजूला सारला आणि वडिलांचं नाव मोबाइलवर शोधलं.

"मॅडम, इथं तं 'दोन दिवसांपूर्वी' दाखवून राहिलं."

अमरावतीच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळावर बाबांची जुनीच निधनवार्ता होती. तिच्याशेजारी ही तारीख होती.

"दाखल्यावर मागच्या वर्षीची आहे," मी म्हटलं.

"तेच तं. मानूस परवा मेला अन् दाखला वर्षभर आधीचा. मरायच्या आधी दाखला निघाला कसा? तुमी दुःखात आहा, म्हनून मी काही बोलत नाही."

संध्याकाळी बार्शीटाकळीहून मोतीराममामा सांत्वनाला आले. त्यांनीही मोबाइलवरच पाहिलं होतं.

"मामा, तुम्ही गेल्या वर्षी बाबांच्या पुण्यानुमोदनाला येऊन जेवून गेलात."

मामांनी विचार केला. "आलतो खरं. पन मोबाइलवर परवाचं हाय. मंग तवा कोन गेलतं?"

यावेळी ते जास्त रडले.

मी ते संकेतस्थळ चालवणाऱ्या सागरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्या पानाच्या खाली आमी रोज कापसाचे भाव टाकतो. भाव बदलला की पान ताजं होते, तारीख नवी पडते."

"मग भाव काढा."

त्याने भाव काढले. तारीख झाली 'चार मिनिटांपूर्वी'. मग त्याने 'वरील निधन जुने आहे' असा खुलासा टाकला. तारीख झाली 'एका मिनिटापूर्वी'.

तिन्ही वेळचे फोटो मी ललितबाबूंना नेऊन दिले. त्यांनी ते फाइलीला लावले आणि म्हणाले, "एका मानसाले तीन तारखा. म्हंजे अजून नक्की नाही."

पंधरा दिवसांनी वडिलांच्या नावे पत्र आलं. 'आपल्या निधनाचा दिनांक निश्चित होईपर्यंत आपणास हयात समजण्यात येत आहे. घराच्या नोंदीत बदल करण्यास आपली हरकत नसल्यास तसे समक्ष येऊन सांगावे.'

आईने पहिलं वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मी अपील लिहायला बसले.

"काय लिहून राहिली?"

"बाबा गेलेत, हे सिद्ध करते आहे."

"सरकारी कागद हाय," ती स्वतःलाच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खोटा म्हनशीन काय त्याले?"

अपिलाची मुदत तीस दिवसांची होती. ती मी जाऊ दिली. घर अजून बाबांच्याच नावावर आहे.

आमचं हे वागणं तुम्हाला शहाणपणाचं वाटणार नाही. पण बाबा खरंच गेले का, हे तुम्हीही माझ्या शब्दावर सोडणार नाही. आधी मोबाइल उघडाल.