मव्जुनाची हनुवटी

मंगळवारी मव्जुना चेहऱ्यावरचे केस दोऱ्यानं काढून घरी आली आणि तिच्या आईच्या हातातलं पातेलंच सुटलं.

आमच्या खुजंद शहरातल्या मोहल्ल्यात मुलीच्या चेहऱ्याला पहिला दोरा लागतो तो लग्नाच्या आदल्या दिवशी. त्याआधी मिशा फुटोत नाहीतर दाढी, हात लावायचा नाही.

"अगं बये, गुरुवारी दलेरची आई मागणी घालायला येतेय!"

"म्हणूनच ना! दाढी घेऊन बसू तिच्यापुढे?"

मव्जुना गणिताची शिक्षिका, आणि दलेर तिला मनापासून आवडायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बीजकोशातल्या पेशी पुरुषी हार्मोन जास्त बनवतात, म्हणून हे केस. गोळ्यांचा गुण यायला सहा महिने लागतील, तोवर दोरा फिरवा.

दोरेवाल्या सनवबर मावशीला तिनं हे सगळं समजावलं होतं. मावशीनं मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर केलं, की बाईंचा निकाह गुपचूप उरकला. शेजारीण नान घेऊन दारात हजर.

"जावई कुठाय?"

"जावईबिवई नाहीये!" आई म्हणाली.

"पळाला? एवढ्यात?"

बीजकोशाचं नाव काढलं तर स्थळ गेलंच. आईनं ठोकून दिलं, "दात दुखत होता तिचा. दोऱ्यानं ठणका उतरतो." बुधवारी सनवबर मावशीकडे दातदुखीच्या तीन बायका बसल्या होत्या.

गुरुवारी दलेरची आई, सालोमत आपा आल्या. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर नान मांडला होता. मागणी पक्की झाली की तो मोडायचा. आपांनी त्याला बोटही लावलं नाही.

"मुलगी दिलीत म्हणे आधीच? मग मला कशाला बोलावलंत?"

"नाही हो, तो दात..." आई सुरू झाली.

मव्जुना पुढं सरली. तिनं डॉक्टरीणबाईंचा कागद आपांपुढे ठेवला. "हे वाचा. नाही म्हणायचं तर खरं कळून म्हणा."

आपांनी कागद दोनदा वाचला. दाराकडे एकदा बघितलं आणि डोक्याला बांधलेला रुमाल हनुवटीवरून खाली ओढला. तिथं चांगले हिरवट खुंट होते.

"एकोणतीस वर्षं नवऱ्याचं ब्लेड वापरतेय," त्या कुजबुजल्या. "लवकर बोथट होतं म्हणून तो अजून दुकानदाराला शिव्या घालतो."

मग त्यांनी नान उचलला आणि मधोमध मोडला. आईला रडूच फुटलं.

"तारखेचं मागाहून बघू," आपा म्हणाल्या. "सूनबाई, ह्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी बसतात ते आधी सांग."