पावणेचारचा खून

मी तुळशीराम घरत. कर्नाळ्यापासून उलव्यापर्यंतच्या टापूतला एकमेव मानसशास्त्रीय गुप्तहेर. आजवर सतरा खून उघडकीला आणले. त्यातले सोळा मृत नंतर बाजारात भाजी घेताना दिसले, पण ती त्यांची चलाखी. सतरावा अजून सापडायचाय.

सध्या मी पनवेलच्या एका मानसोपचार केंद्रात गुप्त मोहिमेवर आहे. मोहीम इतकी गुप्त, की मला इथे आणणाऱ्यांनी ती मलाही सांगितलेली नाही. रोडपालीतल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर पाळत ठेवायला मी पाण्याच्या टाकीमागे दोन दिवस बसून होतो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "चला, जरा फिरून येऊ." गाडी थेट इथे थांबली. त्याला पाच महिने झाले. वेषांतर पेशंटचं आहे आणि ते मला असं काही साधलंय की डॉक्टर अरुंधती मॅडम मला दोन्ही वेळा खऱ्या गोळ्या देतात.

माझ्या खोलीत आनंदा असतो. उरणकडचा कोळी. घरी जेवण आणि बोलणं सोडून भिंतीकडे तोंड करून बसला, म्हणून त्याची मुलगी निशा त्याला इथे घेऊन आली. आता जेवतो, झोपतो, अगदीच गरज पडली तर बोलतो. माझे सतराही खून त्याने जांभई न देता ऐकलेत. असा माणूस पैसे टाकून मिळत नाही. शुक्रवारी चार वाजता मॅडम त्याला तपासून घरी सोडणार होत्या. मला हा निर्णय फार घाईचा वाटला.

आणि मग त्याच्या हालचाली माझ्या नजरेत भरल्या.

सोमवारी दुपारी पाऊण वाजता आनंदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर गेला. दहा मिनिटांनी परत. मंगळवारी गेला दीड वाजता. बुधवारी सव्वादोनला. सामान्य माणसाने म्हटलं असतं, जात असेल वारा खायला. सामान्य माणूस म्हणूनच सामान्य राहतो. मी वजाबाकी केली. रोज बरोबर पाऊण तास उशीर!

पहिली थिअरी: नव्या विमानतळावरच्या विमानांना इशारे. पण आनंदाकडे इशारा करण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे भोकं पडलेला बनियन. दुसरी थिअरी: गच्चीत वाळत घातलेल्या चादरींमधून निरोप येतात. मी अकरा चादरी हुंगल्या. फिनेलखेरीज काही हाती लागलं नाही. तिसरी थिअरी सुचली आणि अंगावर काटा आला. या हिशोबाने शुक्रवारी तो गच्चीवर जाणार पावणेचारला. चारला मॅडम त्याला तपासायला येणार. म्हणजे पावणेचारला खून! कोणाचा, हा तपशील तेवढा बाकी होता.

गुरुवारी तीनच्या ठोक्याला मी ओल्या चादरीमागे दबा धरला. आनंदा आला, कठड्याला टेकला, समोर बघत राहिला आणि निघून गेला. पुढे मला तीन शिंका आल्या, त्या रिपोर्टात घेतल्या नाहीत. चार पानी रिपोर्ट मॅडमच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"आनंदा, गच्चीत काय करता?"

"बगतो."

"काय?"

"खाडीचा पानी."

मॅडमचं पेन थांबलं. "रोज? कशासाठी?"

आनंदाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईला हे पण सांगायला लागतं का! मॅडमनी माझ्या रिपोर्टावर पुन्हा नजर फिरवली. तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, 'संशयिताने एक पाय कठड्यावर ठेवला.' त्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली. मग गच्चीला कुलूप लागलं आणि आनंदाचं घरी जाणं पंधरा दिवसांनी पुढे गेलं.

केस जिंकलो होतो. शुक्रवारी सकाळी उठून बघतो, तर आनंदा भिंतीकडे तोंड करून बसलेला. चहावर साय धरली होती. मला लाज वाटली. गुप्तहेराला ती वाटू नये, पण वाटली.

लादी पुसायला ठमाबाई आली. "याला काय झाला रं? काल तं बरा व्हता."

मी अभिमानाने वेळांचा तक्ता तिच्यापुढे धरला. तिने फडका खांद्यावर टाकला, तक्ता पाहिला आणि हसत सुटली.

"अरं भाऊ, भरती हाय ती! तिथीची पाऊनपट करायची. सोमवारी पाडवा, पाऊन वाजता भरती. काल चवथ, चार येला पाऊन, तीन वाजता. खाडीकाठच्या पोराला बी येतंय."

"पण गणिताने कळतं, तर वर जाऊन बघायचं कशाला?"

आनंदा भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलला. "गनित बराबर येतंय का ते बगतो. माजा डोका ठिकानावर आला का, ते मला बी कलाया पायजे ना?"

ठमाबाई हसायची थांबली. मी तक्ता दुमडून खिशात घातला.

मी मॅडमकडे गेलो. भरतीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे तिसरं पान काढलं. "आणि हा कठड्यावरचा पाय?"

इथे मी जगातल्या कोणत्याही गुप्तहेराला सुचलं असतं ते सगळं सुचवून पाहिलं. ऊन डोळ्यावर होतं, चादर मध्ये आली, पाय बहुधा माझाच होता. मॅडमनी पान माझ्यापुढे सरकवलं.

"ठेवला नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं."

"गुप्तहेर खोटं लिहितात?"

"मी गुप्तहेर नाही, मॅडम. पेशंट आहे."

पाच महिने हे वाक्य ऐकायला त्या थांबल्या होत्या. मला वाटलं, पेढे वाटतील. त्या फक्त गच्चीची किल्ली घेऊन उठल्या.

पावणेचारला ठमाबाई धरून आम्ही चौघं गच्चीवर होतो. खाडीचं पाणी तिवरांच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. आनंदा म्हणाला, "पाच मिन्टं मागं हाय. घड्याल, पानी नाय." सव्वाचारला त्याच्या कागदावर सही झाली.

मॅडमचा फोन मिळताच निघालेली निशा खाली रिक्षा थांबवून वर आली. आनंदाने पिशवी उचलली आणि माझ्या खाटेपाशी थांबला.

"मी पाय ठेवला नवता."

"माहीत आहे."

"मंग कशाला लिवलास?"

व्यावसायिक गुपित, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, "तू गेल्यावर मी कोणाशी बोलू?"

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. निशा म्हणाली, "बाबा, चल ना." आनंदाने तिला हाताने थांबवलं, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्यासमोर खाटेवर बसला.

"बोल," तो म्हणाला. "आयकतो."

आणि मला एक शब्द सुचेना.