हाकलणारी वेल, बोलावणारं गवत

"यंदा आपल्या मक्यात ना खुरपं शिरेल, ना फवारणीचा पंप. शेत आपलं आपण सांभाळेल," जावईबापूंनी भर जेवणात जाहीर केलं.

सासूबाईंचा वाढता हात थांबला. सासरे शांतपणे घास चावत राहिले. गिळून झाल्यावर म्हणाले, "आणि तुम्ही काय कराल?"

प्रश्न रास्त होता. जावईबापू मूळचे घड्याळदुरुस्तीवाले. लोकांनी मनगटावर घड्याळ बांधणं सोडलं तसं दुकान बसलं आणि ते बायकोच्या माहेरी राहायला आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं जुनं घड्याळ दुरुस्त केलं. तेव्हापासून ते दुपारी एकला सात टोले देतं, आणि गाव जावईबापूंना शास्त्रज्ञ म्हणतं.

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यासाठी मोठ्या लेकीकडे शहरात जाऊन राहायचं होतं. निघताना त्यांनी सरळ सांगितलं, "मी येईपर्यंत मका तुमच्या हाती. जमलं, तर पुढे शेत तुम्हीच बघा. नाही जमलं, तर माझ्या भावाच्या गिरणीत बसा. त्याला माणूस हवाच आहे."

गिरणीचं नाव काढताच जावईबापूंचं नाक हुळहुळलं. पिठाशी त्यांचा उभा दावा. लग्नानंतर पहिल्यांदा ते त्या पिठाच्या गिरणीत गेले, तेव्हा एक अशी शिंक आली की कुणाचं तरी डबाभर दळण समोरच्या भिंतीला जाऊन चिकटलं. डब्याची मालकीण अजूनही त्यांना पाहिलं की पदर डब्यावर ओढते. जन्मभर तिथे बसायचं म्हणजे शिंकता शिंकताच जायचं. तेव्हा हा मका काहीही करून साधायलाच हवा होता.

"हे बघ," त्यांनी रात्री बायकोला समजावलं. बायको पोस्टात काउंटरवर असते, त्यामुळे कुणाचंही कितीही ऐकून घेण्याची तिला सवय आहे. "मक्याच्या ओळींमध्ये एक वेल पेरायची. ती जमिनीवर अशी पसरते की तणाला डोकं वर काढायला जागाच मिळत नाही. शिवाय तिच्या वासाने खोडकिडा पळतो."

"पळून कुठे जातो?"

"तीच तर गंमत आहे. शेताच्या कडेने चहूबाजूंनी उंच गवत लावायचं. किडीला ते मक्याहून आवडतं. आतली वेल हाकलते, बाहेरचं गवत बोलावतं. कीड गवतात जाऊन बसते, मका सुखात."

"छान आहे की. आईला सांगते."

"मुळीच नाही. बाबा आले की एकदम दाखवायचं. सगळ्यांना धक्का बसला पाहिजे."

"या घरात धक्के तसेही पुष्कळ बसतात," बायको म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आणि काय सांगायचं, ते जमलं! मका कमरेच्या वर गेला, खाली वेलीचा हिरवागार गालिचा पसरला, कडेचं गवत माणसापेक्षा उंच झालं. तण औषधालाही नव्हतं. जावईबापू रोज सकाळी दोन ओळींच्या मध्ये उकिडवे बसून वेलीची पानं कुरवाळायचे आणि एकटेच हसायचे. बांधापलीकडचे ड्रायव्हरकाका हे बघून हळूच ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला वळवत.

सासऱ्यांना आणायला शहरात निघाले, त्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. चपला घालता घालता ते सासूबाईंना म्हणाले, "आई, उद्या बाबांना नव्या डोळ्यांनी शेत बघू दे. मक्याच्या ओळींत तणाची एक काडी जरी सापडली, तर ही मिशी उतरवेन."

मिशी साधीसुधी नव्हती. घड्याळाच्या काट्यांसारखी ती दोन्ही बाजूंना बरोबर पावणेतीन दाखवायची. घरात त्यांची म्हणावी अशी तेवढीच एक मालमत्ता होती.

जावई गेले आणि सासूबाईंना चैन पडेना. पूर्ण हंगामात त्यांनी शेतात पाऊल टाकलं नव्हतं, कारण जावयाने तशी विनंती केली होती. पण मिशीचा प्रश्न होता. त्या गेल्या आणि मक्यात शिरल्या. ओळींमध्ये घोट्याएवढं रान माजलेलं, आणि तेही जिकडे तिकडे!

"अगंबाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बिचाऱ्यांना झेपलं नाही, आणि लाजेपायी कुणाला सांगवलंही नाही. आता जाणार मिशी."

त्यांनी आपल्या तिघी बहिणींना फोन लावला. या चौघी एकत्र आल्या की काय होतं हे घरातल्या पुरुषांना ठाऊक आहे. एकदा त्यांनी दिवाणखाना आवरायला घेतला आणि सासरे संध्याकाळी आपली खुर्ची शेजाऱ्यांकडून मागून आणत होते. चौघी खुरपी घेऊन मक्यात उतरल्या. वेल मुळापासून चिवट होती, पण जावयाच्या मिशीपुढे तिचं काय चालणार? दिवस मावळायच्या आत शेत अंगणासारखं लख्ख झालं. कडेचं गवत त्यांनी हौसेचं समजून ठेवलं. उपटलेल्या वेलीचा मोठा ढीग शेतालगतच्या गोठ्यामागे रचला आणि त्यातल्या चार पेंढ्या महाराणीपुढे टाकल्या. महाराणी म्हणजे घरची गाय. तिचा स्वभाव नावाला शोभेल असाच आहे.

संध्याकाळी बायको पोस्टातून आली. गोठ्यामागचा ढीग बघून तिच्या हातातली पिशवी गळाली. आईच्या हातांना फोड आले होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता. आईला काही न सांगता बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला.

"आता नको," पलीकडून आवाज आला. "बाबांना समजावतोय."

ते खरंच समजावत होते. दुसऱ्या दिवशी बसमध्येही तेच चालू होतं. फोन पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी तो बंदच करून टाकला. सासरे काळा चष्मा लावून ऐकत होते, निदान बाकीच्या प्रवाशांना तरी तसं वाटत होतं.

घरी न जाता दोघे थेट शेतावर गेले. बांधावर सासूबाई, तिघी मावश्या आणि रजा काढून आलेली बायको उभी होती. बायको हाताने काहीतरी खुणावत होती. जावईबापूंना वाटलं, स्वागत आहे. त्यांनीही हात हलवला.

मग त्यांना जमीन दिसली. काळी, भुसभुशीत, उघडी जमीन.

"वा," सासरे चष्मा काढून म्हणाले. "तणाची काडी नाही. शब्द पाळलात."

जावईबापू खरं काय ते सांगायला पुढे झाले. इतक्यात सासूबाई पुढे आल्या आणि कानाशी कुजबुजल्या, "काळजी करू नका. यांना काही सांगायचं नाही. मिशी वाचली." बोलताना त्यांनी फोड आलेले हात पदराआड लपवले. ते बघून जावईबापूंनी नुसतीच मान डोलावली.

"आणि हे कडेचं गवत कशासाठी?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते किडीला बोलावतं, बाबा."

"बरं. आणि हाकलतं कोण?"

जावईबापूंनी मावश्यांच्या रांगेकडे पाहिलं. "ते... पुढच्या टप्प्यात आहे," ते म्हणाले.

पुढचा टप्पा किडीने घेतला. गवताचं आमंत्रण दूरवर पोचलं होतं आणि दारावर हाकलायला कुणी नव्हतं. पंचक्रोशीतला खोडकिडा सहकुटुंब सहपरिवार आला. गवतात जागा पुरेना तसे पाहुणे मक्यात शिरले. पानांची चाळण झाली, ताटं मधून मोडून पडू लागली. मोकळ्या जमिनीत खरं तणही उगवलं, ते निराळंच. ड्रायव्हरकाका मुद्दाम बांध ओलांडून आभार मानायला आले. "शास्त्रज्ञ, मानलं तुम्हाला. यंदा माझ्या रानात कीड फिरकली नाही. सगळी तुमच्याकडे आहे."

सासऱ्यांचे डोळे आता फारच चांगले झाले होते. त्यांनी एक ताट मोडून आतली अळी जावयापुढे धरली. "उद्यापासून गिरणीत," ते म्हणाले.

जावईबापूंनी मान खाली घातली. नाक आतापासूनच हुळहुळायला लागलं होतं.

तेवढ्यात सासूबाई गोठ्यातून काठोकाठ भरलेली दुधाची बादली सांभाळत आल्या. "अहो, महाराणीने आज दुसरी बादलीही भरली. ते तण खायला लागल्यापासून रोज हेच चाललंय. पण ढीग संपत आला. ते तण आणखी कुठे मिळेल?"

आता मात्र बायकोला राहवलं नाही. "आई, ते तण नव्हतं. यांनी बी आणून पेरलं होतं ते. कीड हाकलायला."

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. "अगंबाई. मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमच्या हातांना फोड आले होते," जावईबापू पुटपुटले.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सासऱ्यांनी ओळींवरून कडेच्या गवतापर्यंत नजर फिरवली.

"म्हणजे ओळींमध्ये तुम्ही चारा पेरला होता," ते म्हणाले.

"चारा नाही बाबा, हाकलणारी—"

"कडेला गवत. तोही चारा."

"ते बोलावणारं—"

"आणि या मक्याला आता कणीस धरत नाही, म्हणजे तोही चाराच. जावईबापू, धान्याच्या शेतात तिन्ही पिकं चाऱ्याची काढणारा माणूस मी तरी पाहिला नाही." त्यांनी सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "हिला इतकं सांभाळून घेणारा माणूस गिरणीत बसवायला मन होत नाही. शेत राहू दे. आजपासून गोठा तुमचा."

जावईबापूंचा चेहरा असा उजळला, की महाराणीनेही मान वळवून पाहिलं. गिरणी टळली! त्यांनी तिथल्या तिथे बायकोला गोठ्याची नवी योजना सांगायला सुरुवात केली. शेण आपोआप कुठे जाईल, पाणी आपोआप कुठून येईल, सगळं.

"ते होईल सावकाश," सासूबाई बादली उचलत म्हणाल्या. "पण एवढं दूध देणाऱ्या गाईला रोज सकाळी ताजा कोंडा लागतो. आधी तेवढा आणत चला."

"आणतो की. कुठून आणायचा?"

"कुठून म्हणजे? गिरणीतून."

तर आता रोज सकाळी गावाला भिंतीवरच्या घड्याळाची गरज उरलेली नाही. गिरणीतून ती ओळखीची शिंक ऐकू आली की बायका दळणाचे डबे झाकतात आणि ड्रायव्हरकाका ट्रॅक्टर बाहेर काढतात. मिशी मात्र वाचली. कोंडा तिच्यातच अडकतो.