घरतकाकांचं बंद पाकीट

माझ्या दवाखान्यात टेबलाच्या कडेला एक पिवळं स्टिकर आहे. त्यावर बॉलपेननं लिहिलंय : 'तपासले. वापरास योग्य. पुढील तपासणी सहा महिन्यांनी.' नव्या पेशंटांना वाटतं, ते टेबलाबद्दल आहे. ते माझ्याबद्दल आहे.

ते चिकटवणारे गृहस्थ म्हणजे रामदास घरत. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तीस वर्षं मीटर तपासले. दाब, तापमान, वजन दाखवणारं प्रत्येक यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय ते बघायचं, आणि पास झालं की त्यावर स्टिकर मारायचं. रिटायर होताना कंपनीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. उरलेल्या स्टिकरांचा गठ्ठा त्यांनी स्वतःच घरी आणला. मग पनवेलमध्ये काहीच सुरक्षित राहिलं नाही. घरचं घड्याळ, काकूंचा कुकर, मटारवाल्याचा काटा, सोसायटीची लिफ्ट, सगळ्यांना स्टिकरं लागली. माझं बीपीचं यंत्र त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं.

"डॉक्टर, तुमचा मीटर चार पॉइंट वर दाखवतो. झिरो सेट करून घ्या."

मला राग आला. मी यंत्रवाल्या माणसाला बोलावून घेतलं. त्यानं दहा मिनिटं खाटखूट केली आणि म्हणाला, "हो सर, बरोब्बर चार."

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्यांच्या खारघरच्या मुलीनं त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला, आणि त्यावर काकांना रोग ओळखणारा एक प्रोग्राम सापडला. आपली लक्षणं भरायची, तो शक्यतांची यादी काढून देतो. विमानतळ तेव्हा आमच्याकडे फक्त बोर्डावर उतरला होता. हा प्रोग्राम मात्र थेट घरातच आला. त्याच सुमारास पेपरात छापून आलं की आता कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरांपेक्षा चांगलं निदान करणार. काका ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले. चेहरा असा, की कुणाच्या मयताला आलेत.

"वाईट नका वाटून घेऊ. पण नवा मीटर आला की जुन्याशी लावून बघावाच लागतो. दोन मीटर जुळल्याबिगर आमी काय मानत नाय."

जुना मीटर म्हणजे मी. वय तेव्हा बेचाळीस.

तेव्हापासून काका दुखण्याबरोबर एक बंद पाकीट घेऊन यायला लागले. आत कॉम्प्युटरच्या उत्तराची प्रिंट. आधी मी निदान सांगायचं, मग काका पाकीट फोडणार. बाहेर बाकावरच्या पेशंटांना या सामन्याचा इतका नाद लागला, की आपला नंबर आला तरी लोक उठेनात.

एकदा काका खोकत आले. मी म्हटलं, "धुळीनं झालंय. आज माळा साफ केलात ना?" पाकीट फोडलं तर आत चौदा रोग. पहिला टीबी, आणि शेवटचा कबुतरं पाळणाऱ्यांना होणारा कुठलासा.

"माळ्याचं तुमाला कसं कळलं?"

"कानावर जळमट आहे तुमच्या."

"मग हे चीटिंग हाय," काका उसळले. "तेला कुठं डोळे हायत?"

पण नेहमी मीच जिंकलो असं नाही. पाठीच्या एका बाजूला आग होते म्हणून आले, तेव्हा मी स्नायू धरलाय म्हणून मलम दिलं. कॉम्प्युटर म्हणाला, नागीण. तिसऱ्या दिवशी काका भर दवाखान्यात शर्ट काढून उभे. पाठीवर फोडांची लांबलचक माळ. वेदनेनं डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "बघा! बघा सगळ्यांनी! मशीन जिकला!" मी मुकाट्यानं मलम बदललं.

आमचं दोघांचं उत्तर पहिल्यांदा जुळलं ते त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून. अंगठा टोमॅटोसारखा सुजलेला. मी म्हणालो युरिक ॲसिड, पाकीट म्हणालं युरिक ॲसिड. मी म्हणालो मासे बेतानं खा, पाकीट म्हणालं मासे टाळा. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे खिशातून स्टिकर काढून मला पास केलं. दोन मीटर जुळले म्हणजे विषय संपला. खाडीकाठच्या घरतांच्या घरात त्या दिवसापासून मासा शिजायचा बंद झाला.

त्यात माझंही नुकसान झालं. काकूंच्या हातचं जिताड्याचं कालवण महिन्यातून एकदा माझ्या घरी डब्यातून येत असे. तो डबा थांबला.

अशी चारेक वर्षं गेली. मग एका सकाळी काका काकूंना घेऊन आले. पाकीट होतं, पण टेबलावर न ठेवता त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि वर हात धरला होता.

"आज हिचं रीडिंग घ्या."

काकू भाजीत दोनदा मीठ घालत होत्या. नातीला मुलीच्या नावानं हाक मारत होत्या. परवा तर बाजारातून घरची वाटच सुचेना, ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. काकू स्वतः हसून सांगत होत्या, "वय झाला माजा. हे उगाच घाबरतान." त्यांना वजन करायला आत पाठवलं, तसे काका टेबलावर वाकले.

"डॉक्टर, आज जुळलं नाय पायजे."

पाकिटात काय असणार ते मला न फोडताच कळलं. माणूस हळूहळू सगळं विसरतो, शेवटी आपल्या माणसालाही, आणि ज्याला औषध नाही, तो आजार. खरं सांगतो, मलाही पहिला तोच सुचला होता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. काकू परत येऊन बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि थोडं हावरटपणानंही, मी म्हणालो, "काकू, जिताडा एकदम विसरलात हो आम्हाला."

"जिताडा? मी चार वर्सं मासा तोंडात नाय घातला."

"पथ्य तर काकांना आहे!"

"हे समोर दोडका खानार आनी मी मासा खाऊ? घशाखाली उतरंल काय?"

काका वळून बघतच राहिले. त्यांना वाटत होतं, ती मुलीकडे जाते तेव्हा खाते. मी घाईनं विचारलं, मटण, कोंबडी, अंडी? त्यांना ते लहानपणापासूनच चालत नव्हतं. दूध? वास येतो. पायांना मुंग्या? येतात की. जीभ बघितली, ती लालभडक आणि गुळगुळीत. शिवाय डायबेटिसची गोळी चालू होती, तीही मीच दिलेली. मी रक्त तपासायला पाठवलं. मासे, मटण, दुधातून मिळणारं आणि त्या गोळीनं कमी होणारं बी-ट्वेल्व्ह जवळजवळ तळाला गेलं होतं; ते घटलं की माणूस असाच विसरायला लागतो. काकांचं पथ्य मी सांगितलं, मशीननं सांगितलं, पण त्या घरात दुसरं ताट कोणाचं आहे हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

इंजेक्शनं सुरू केली. दोन महिन्यांनी काकू एकट्या बाजारात जाऊन, भाव करून परत आल्या. त्या आठवड्यात काका डबा घेऊन आले. डब्यावर स्टिकर होतंच. मग खिशातून तेच पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"हे फोडायचं राहिलं."

मी फोडलं. पहिल्या ओळीवर तोच आजार होता. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं : बी-ट्वेल्व्हची कमतरता.

"काका, त्याला माहीत होतं की हो! चौथ्या ओळीवर आहे."

काकांनी कागद स्वतःकडे ओढून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी पहिलीच ओळ वाचली, आणि पाकीट चिकटवून टाकलं. तीस वर्सांत रीडिंग अर्धवट कदी घेतलं नाय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिला तुमच्याकडे आणायच्या आधी अकरा दिवस खिशात घेऊन फिरलो. तुमी पण तेच बोलाल म्हणून भ्यालो होतो."

मी डबा उघडला. जिताडाच होता. विषय बदलावा म्हणून विचारलं, "मग आता घरात मासा शिजतो, आणि तुम्हाला तर पथ्य. काकूंच्या घशाखाली जेवण उतरतं?"

"उतरतं. मी बाजूलाच बसतो ना. तिच्या बोटांना अजून मुंग्या हायत, बारीक काटा कळत नाय. मी काढून देतो." काका जायला उठले, आणि दारातून वळून म्हणाले, "एक पण सुटत नाय, डॉक्टर. दोनदा तपासतो."