मॉसेनदालची सतरा नंबरची खोली

निर्णय घ्यावा तर माझ्यासारख्याने! फुशारकी नाही मारत. सव्वीस वर्षं मी झ्वोल स्टेशनवर गाड्या सोडल्या आहेत. ग्रोनिंगेनची गाडी अर्धा तास लेट, उट्रेख्टची फलाटावर खोळंबलेली, चारशे माणसं माझ्या नावाने बोटं मोडताहेत, आणि मी अकरा सेकंदांत ठरवायचो. ही थांबेल, ती जाईल! संपला विषय! आता मला सांगा, अशा माणसाला एका हॉटेलात राहायचं की नाही, एवढं ठरवायला किती वेळ लागावा?

अकरा दिवस लागले. आणि तरी चुकलंच!

झालं असं. नोव्हेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. आमच्या लेकीने, फेनाने, भेट म्हणून मॉसेनदालला दोन रात्रींच्या खोल्या घेतल्या. एक आम्हा दोघांना, एक तिला. मॉसेनदाल म्हणजे मुलांची मनोरंजन-नगरी: मोठमोठे पाळणे, बोलणारी झाडं, धाडकन पाण्यात कोसळणाऱ्या होड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध परीकथेतल्या बुटक्यांच्या पुतळ्यांनी भरलेलं हॉटेल. लाल टोप्या, पांढऱ्या दाढ्या. जिन्यात बुटके, लिफ्टच्या दारावर बुटके, संडासाच्या टाकीवरही एक बुटका दात काढून बसलेला! फेना आणि तिचा भाऊ येले लहान होते तेव्हा आम्ही ओळीने नऊ वर्षं तिथे गेलो. तेच हॉटेल, तोच आठवडा, तीच खोली. सतरा नंबर. मग येले नॉर्वेला गेला, फेना लायडनला शिक्षिका झाली, आणि बुटके मागे राहिले ते राहिलेच.

तर खोल्या घेतल्या आणि पाठोपाठ फेनाने हॉटेलची ई-मेल मला पाठवली. भाषा लोण्यासारखी! ‘आपल्या मुक्कामाच्या काळात हॉटेलचे नूतनीकरण सुरू असेल. पोहण्याचा तलाव बंद राहील. न्याहारी तंबूत मिळेल. सकाळी आठ ते पाच थोडा आवाज संभवतो. आपण वसंत ऋतूतली तारीख घेऊ शकता, किंवा ठरल्याप्रमाणे येऊ शकता.’

मी माझ्या बायकोला म्हटलं, “टिनेके, मॉसेनदालला आता जायचं की वसंतात?”

ती विणकाम करत होती. मान वर न करता म्हणाली, “तू ठरव.”

आमच्या घरात ‘तू ठरव’ हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसाने आधी डोक्यावर उशी धरावी. पण मी गाडी सोडणारा माणूस! सरळ हॉटेलला फोन लावला. मार्लूस नावाची एक गोड मुलगी बोलली.

“काका, वसंतात या ना! सगळं नवंकोरं असेल. फिकट बदामी भिंती, गुळगुळीत फर्निचर…”

“आणि बुटके?”

“बुटके काढतोय आम्ही. हल्लीच्या पाहुण्यांना दचकायला होतं.”

“आणि सतरा नंबर?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “ती पश्चिमेकडच्या भागात येते. तुम्ही येताय त्याच आठवड्यात ती सोलणार आहेत.”

सोलणार! खोली आहे की बटाटा? त्या खोलीत फेनाचा पहिला दात पडला होता. त्या खोलीत येलेला गोवर आला आणि आम्ही चौघांनी तीन दिवस पलंगावर बसून पत्ते कुटले होते. खिडकीतून रात्री पाळण्याचे दिवे भिंतीवर फिरायचे आणि टिनेके मुलांना हळू आवाजात काहीबाही सांगत असायची. त्या भिंतीला आता बदामी रंग फासणार!

तरी दहा दिवस मी तळ्यात-मळ्यात केलं. तलाव नाही तर टिनेके चिडेल. पण वसंतात गेलो तर बघायला उरणार काय? अकराव्या दिवशी म्हटलं, ठरलं! आत्ताच जायचं!

“आणि ते काम काढलंय म्हणतात ना तिथे?” टिनेकेने विचारलं.

“छे! जरा रंगाचा हात मारताहेत,” मी म्हटलं.

चाळीस वर्षांच्या संसारात मी इतक्या सहजपणे कधी थाप मारली नव्हती! तिने शांतपणे पोहण्याचा पोशाख बॅगेत भरला. वर टोपीसुद्धा भरली. कबूल करून टाकावंसं वाटलं, पण आता सिग्नल पडला होता.

सकाळी पोहोचलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. आख्खं हॉटेल प्लास्टिकमध्ये असं गुंडाळलेलं, जणू कुणीतरी डब्यात न्यायला सँडविच बांधलंय! तलावात पाणी नव्हतं. पिवळं खोदाई-यंत्र मात्र होतं, तेही चिखलात अर्धं रुतलेलं. दाराशी सहा बुटके ढिगात उलटेपालटे पडले होते, एकाचं नाक गायब.

“रंगाचा हात बराच जोरात मारलेला दिसतोय,” फेना म्हणाली.

टिनेके खोदाई-यंत्राकडे बघत होती आणि मी माझ्या बुटांकडे.

खोली मिळाली पूर्वेकडच्या भागात. नवी, बदामी. भिंतीपलीकडे ड्रिल असं चालायचं की दातांची कवळी हलावी! अर्थात माझे दात अजून खरे आहेत, पण त्या दिवशी माझा त्यांच्यावर भरवसा राहिला नव्हता. मी तळघरात चौकशी केली तर वाफेची खोली चालू होती. “टिनेके, मस्त वाफ घे!” म्हणून तिला पंचा, झगा देऊन तिकडे धाडलं. फेना कॉफी शोधायला गेली. आणि मी निघालो सतरा नंबरच्या दर्शनाला.

मार्लूसला सकाळपासून चार वेळा विचारून झालं होतं. चारही वेळा ती म्हणाली, “काका, तिकडे जाता येत नाही.” पण पश्चिमेकडच्या दाराशी खुंटीवर टोप्या आणि पिवळी जाकिटं टांगली होती आणि वर पाटी होती: ‘टोपी व जाकिटाशिवाय प्रवेश नाही.’ आता मला सांगा, याचा सरळ अर्थ काय होतो? टोपी-जाकीट घातलं की प्रवेश आहे! मी घातलं.

दहा पावलं चाललो नाही तोच एक आडदांड माणूस धावत आला. हा मुकादम, हार्म.

“आलात साहेब! सकाळपासून डोळे लावून बसलोय!”

मला बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझी अशी वाट कुणी बघितली नव्हती.

“मला सतरा नंबर बघायची आहे,” मी म्हटलं.

“तेच म्हणतो मी! आम्हालापण तिचाच संशय आहे. या, या!”

कसला संशय, हे विचारायला हवं होतं, नाही का? पण तेवढ्यात त्याने दार उघडलं.

तोच भिंतीचा कागद! टोपलीत मशरूम वेचणारे बुटके, ओलीने फुगलेले, कोपऱ्यात सुटलेले. तीच खिडकी. पलंग गेला होता, पण जमिनीवर त्याच्या पायांचे चार डाग होते. आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा! एकावर एक, आठ-नऊ रेघा. मुलांची उंची! अशा खुणा आपण केल्या होत्या हे मला तोवर आठवत नव्हतं, पण बघितल्याबरोबर लख्ख आठवलं! ही खालची फेना. ही येले, गोवर आला त्या वर्षीची. मी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि माझा बांध फुटला.

हार्म माझ्याकडे बघतच राहिला.

“साहेब… इतकं वाईट आहे?”

“फार जुनं आहे हो हे,” मी हुंदका देत म्हटलं.

“म्हणजे आहे?”

“आहे म्हणजे काय! सगळं इथेच आहे!”

“भिंतीत?”

“भिंतीत आहे, चौकटीत आहे… अहो, या हवेत आहे! तुम्हाला जाणवत नाही? श्वास घेऊन बघा!”

हार्मने श्वास घेतला नाही. उलट होता तो बंद केला. चेहरा पांढराफटक पडला, नाकावर हात दाबून तो मागच्या मागे दाराबाहेर गेला, आणि पुढच्याच क्षणी सगळ्या इमारतीत भोंगा वाजायला लागला!

मला वाटलं पाच वाजले. कामाची सुट्टी झाली असेल!

बाहेर येऊन बघतो तर हिरवळीवर जत्रा! दीडशे माणसं भुरभुर पावसात उभी. कुणी चपलेत, कुणी मोज्यात, एका बाईच्या डोक्यात केस कुरळे करायच्या नळ्या, एक गृहस्थ अर्ध्या दाढीचा. आणि या सगळ्यांत पांढऱ्या झग्यात, डोक्याला पंचा बांधलेली, लालबुंद चेहऱ्याची, अंगातून वाफा निघत असलेली माझी टिनेके!

“काय झालं?” मी विचारलं.

“हॉटेलात ॲस्बेस्टॉस सापडला,” फेना म्हणाली. “जुन्या भिंतीत असतो ना, तो छातीत जाणारा विषारी तंतू. कुणी तपासनीस आला होता म्हणे. नुसत्या वासावरून ओळखलं त्याने! ओक्साबोक्शी रडला बिचारा!”

आणि मग तिची नजर माझ्या पिवळ्या जाकिटावर गेली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही काय केलंत?”

उत्तर द्यावं लागलं नाही. फाटकातून एक ठेंगणी बाई हातात पेटी घेऊन आली. खरी तपासनीस! तिची गाडी लेट झाली होती. (कुठल्या स्टेशनला, ते मी विचारलं नाही.) हार्मने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“मग हे कोण?”

मार्लूस पुढे आली. “हे? हे पाहुणे आहेत. सतरा नंबरवाले काका.”

दीडशे माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. फलाटावरची चारशे बरी होती! ती निदान कोरडी असायची.

तपासनीस बाई म्हणाली, “आता भोंगा झालाच आहे, तर नियमाप्रमाणे नमुने घेईपर्यंत पश्चिमेकडचा भाग बंद. शेजारचा तंबूही बंद. उद्या दुपारपर्यंत.” ड्रिल थांबलं. कामगार खूश होऊन घरी निघाले. त्यांतले दोघे तर माझ्याशी हस्तांदोलन करून गेले.

मी टिनेकेसमोर उभा राहिलो. “मी थाप मारली,” म्हटलं. “ई-मेलमध्ये सगळं लिहिलं होतं.”

“माहितीये. फेनाने मलाही पाठवली होती.”

“मग तो पोहण्याचा पोशाख?”

“तू कुठवर ताणतोस ते बघत होते.” तिने डोक्यावरचा पंचा सोडला. “पण वीबे, सतरा नंबरमध्ये रडण्यासारखं काय होतं?”

“मुलांच्या उंचीच्या खुणा! आपण केलेल्या! चौकटीवर, पेन्सिलीने!”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आपण? अरे, हॉटेलच्या टेबलावर पेल्याचा डाग पडला तरी तू रुमालाने पुसायचास! तू चौकटीवर लिहू देशील? आणि आपली खोली एकोणीस होती. समोरची. पाळण्याचे दिवे तिकडूनच दिसायचे.”

“एकोणीस?”

“एकोणीस. ती त्यांनी मागच्याच आठवड्यात सोलली. सकाळी मार्लूसला विचारलं मी.”

म्हणजे मी कुणाच्या पोरांसाठी रडलो? देव जाणे! कुठेतरी एखादं अनोळखी कुटुंब असेल, त्यांच्या वाटणीचं मी रडून घेतलं. आणि टिनेके हसायला लागली. आधी नुसती गालात, मग पोट धरून, झग्याच्या बाहीने डोळे पुसत. किती वर्षांनी हसली अशी! मग फेना, मग मार्लूस, मग ती नळ्यावाली बाईसुद्धा. हार्म तेवढा हसला नाही.

संध्याकाळी बदामी खोलीत बसून सूप पिताना मी फेनाला विचारलं, “तुला एकोणीस नंबर आठवते?”

“खरं सांगू, बाबा? हॉटेल मला अजिबात आठवत नाही.”

“नऊ वर्षं!”

“पेट्रोल पंप आठवतो. तुम्ही पहाटे पाचला आम्हाला उठवायचात आणि खोली मिळायची दुपारी तीनला. मग त्या हायवेवरच्या पंपामागे बसायचो आपण, गवतावर. आई थर्मासमधून दूध द्यायची. तुम्ही अंडी सोलून द्यायचात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवरून, कुठून आला, कुठे चालला, याच्या कहाण्या रचायचात. मला वाटायचं तीच सुट्टी. हॉटेल म्हणजे नुसतं झोपायचं.”

खिडकीबाहेर पाळणा अंधारात उभा होता. त्याचेही दिवे दुरुस्तीला काढलेले.

सकाळी तंबू बंद, म्हणजे न्याहारी नाही. आणि ती कुणामुळे नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी गुपचूप शेजारच्या शेतावरून अंडी आणली, खोलीतल्या चहाच्या किटलीत उकडली, आणि दोघींना गाडीत घालून पंपावर नेलं. पंप जागेवर होता! गवत होतं, झुडपांचं कुंपण होतं. आम्ही तिघं ओल्या गवतावर वर्तमानपत्र घालून बसलो. ट्रक सुसाट जात होते. मी पहिलं अंडं ठोकलं, आणि पिवळा बलक माझ्या बाहीतून थेट कोपरापर्यंत गेला!

“कच्चं राहिलं,” मी ओशाळून म्हटलं. “किटलीचं काही खरं नाही.”

“तेव्हाही कच्चीच असायची, बाबा,” फेना म्हणाली. “मी आणि येले तुमची नजर चुकवून कुंपणामागे फेकायचो.”

“काय?”

“मीसुद्धा,” टिनेके म्हणाली.

नऊ वर्षं! म्हणजे त्या पंपामागे आख्ख्या कुटुंबात अंडी खाणारा मी एकटाच होतो! मी दोघींकडे बघितलं. दोघी ट्रककडे बघत होत्या, अगदी गंभीर चेहऱ्याने.

तुम्हाला म्हणून सांगतो, मी हळूच हात मागे नेला आणि माझंही अंडं कुंपणापलीकडे टाकून दिलं.