मेंटेनन्सचं खानदान

पाटणकर काकांसमोर इंग्रजी शब्द उच्चारणं म्हणजे ट्रॅफिक पोलिसाच्या पुढ्यात विनाहेल्मेट जाणं. परवा बदलापूर स्टेशनजवळच्या हॉटेलात वेटर म्हणाला, "काका, ऑर्डर?"

झालं!

"ऑर्डर? लॅटिन 'ऑर्डो', म्हणजे ओळ, क्रम. तिथून फ्रेंच 'ऑर्द्र', मग इंग्रजी. कधी चौकशी केलीस त्याची?"

"मिसळ संपत आलीय, काका."

आनंदनगरच्या केमिकल कंपनीतून रिटायर झाल्यापासूनचा हा नाद. "शब्दांनाही आईबाप असतात हो! अनाथासारखे काय वापरता?" हे म्हणताना त्यांचे कान लालबुंद होतात.

मध्यंतरी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. सेक्रेटरी वाधवानी, मूळचे उल्हासनगर कॅम्प एकचे सिंधी, यांनी तत्परतेनं पाटी लावली: 'मेंटेनन्स चालू आहे'. पाटी लागली की काम झालं, असा आमच्या कमिटीचा पक्का समज. आठवडे गेले, लिफ्ट जागची हलेना.

शेवटी काकांनी माझ्यादेखत वाधवानींना पाटीखालीच गाठलं.

"मेंटेनन्स म्हणजे काय हो?"

"साईं, बोर्ड लगाया है ना! पार्ट येतोय."

"लॅटिन 'मॅनस' म्हणजे हात, 'तेनेरे' म्हणजे धरणं. फ्रेंचांनी केलं 'मँतनीर'. हातात धरून सांभाळणं! तुमच्या कमिटीत कुणी बोट तरी लावलंय का त्या लिफ्टला? फ्रेंच ऐकतील तर रडतील!"

"साईं, फ्रेंच लोक आपले मेंबर नाहीत."

मी खो खो हसलो. काका माझ्यावरच उसळले, "हसा! तुम्हाला काय, पहिल्या मजल्यावर राहता!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काका पाचव्या मजल्यावर. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकूंना जिने उतरता येत नाहीत. संध्याकाळी खाली बायकांत बसणं, एवढाच त्यांचा विरंगुळा. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या घरात गप्प बसून होत्या.

"आधी बोलायचं ना, साईं," वाधवानी वर पाचव्या मजल्याकडे बघत पुटपुटले.

मग वाधवानी, मी आणि वॉचमननं मिळून काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. काका पुढे उलटे उतरत आमच्यावर डाफरत होते, "हळू! सिमेंटची गोणी नाही ती!"

खाली बायकांनी जागा करून दिली. काकू जडावलेल्या जिभेनं म्हणाल्या, "मघाशी खाली कोणावर ओरडत होता एवढं?"

काका त्यांचा पदर सारखा करत राहिले.

"कोणावर नाही गं. घरात फार शांत झालं होतं."