सलाम ठोकणारी गाडी

पांढरकवड्याच्या रहमत मिस्त्रीला "होईल काय?" असं कोणी विचारलं की त्याचं डोकं फिरायचं.

"गाडी माणसानं बनवली न? मंग माणूसच दुरुस्त करते तिले. होईल काय म्हंजे काय?" असं तो चहाच्या टपरीवर, समोरच्या दुकानातही ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायचा.

हल्ली हा आवाज जरा जास्तच चढला होता, कारण हायवेवर काचेचं नवं गॅरेज उघडलं होतं. तिथे गाडीला कॉम्प्युटर लावतात. गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवतात, थंड पाणी देतात. गाडीचं पुढे काय होतं ते विचारू नये. तांड्यावरचे टेम्पो आणि ऑटो अजून रहमतकडे येत होते ते एका भावसिंगमुळे. भावसिंगची गाडी जिकडे, अख्खा तांडा तिकडे. भावसिंग हायवेकडे वळला की रहमतने शटर ओढून घरी लसूण सोलत बसायचं, इतकी सरळ गोष्ट होती.

आणि नेमकी भावसिंगचीच गाडी बिघडली.

ती एक म्हातारी व्हॅन. तांडा ते पांढरकवडा सवाऱ्या नेणारी. मागचं दार दोरीने बांधलेलं, पण समोर झेंडूचा ताजा हार.

"रहमतभाई," भावसिंग म्हणाला, "ब्रेक दाबला का हॉर्न वाजते. हॉर्न दाबला का काईच नाई वाजत. भर दुपारी लाइट लागते. आन् गियर आपल्या मनानं सुटते. उतारावर सुटला तं माही घरवाली जमनाबाई माह्यासंगच भांडते."

"आत्ता दाखव."

आत्ता कशाला दाखवते? पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरच्या मुलीसारखी व्हॅन गॅरेजात वागली. ब्रेक दाबला, ब्रेक लागला. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. गियर लोण्यातून सुरी जावी तसा पडत होता. रहमतने फ्यूज बदलला. भावसिंग परत आला. रहमतने हॉर्नचा स्विच बदलला. भावसिंग परत आला. रहमतने बॅटरीच्या वायरी बदलल्या, आणि भावसिंग परत आला तेव्हा तो गाडीकडे नाही, हायवेकडे पाहत होता.

"त्या काचवाल्याले एकदा दाखवू का म्हणतो."

"थो काय दाखवते? सोफा?" रहमतने पाना खिशात घातला. "चाल, मी बसतो गाडीत. कुठी बिघडते?"

"पिराच्या फाट्यावर. रोज."

पिराच्या फाट्यावर एका बाजूला दर्गा आहे, दुसऱ्या बाजूला देवीचं ठाणं आणि बरोबर मधोमध एक खड्डा. या खड्ड्याला कोणीही हात लावलेला नाही. दर निवडणुकीत तो भाषणात बुजवला जातो आणि पावसाळ्यात आणखी एक वीत वाढतो.

रहमत पुढे, भावसिंगच्या शेजारी बसला. मागे माणसं, कोंबड्या, खताची पोती. एवढी गर्दी पाहून त्याला नवलच वाटलं, कारण रस्त्यावर दोन ऑटो रिकामे उभे होते. फाटा जवळ आला तशी मागची बडबड थांबली. म्हाताऱ्या खेमसिंगने डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

व्हॅन खड्ड्यात उतरली. गियरचा दांडा कोणी हात न लावता मधे येऊन उभा राहिला. हॉर्न वाजला, लांब, एका सुरात. दोन्ही लाइट भर उन्हात पेटले. वायपर संथपणे वर गेले आणि खाली वाकले. मग सगळं शांत. व्हॅन आपल्याच वजनाने खड्ड्यातून वर आली, भावसिंगने गियर टाकला आणि ती निघाली.

मागे सगळ्यांचे हात जोडलेले होते. रहमतने खाली पाहिलं, तर त्याचेही.

"पायलं?" खेमसिंग हळूच म्हणाला. "डावीकडं पिराले सलाम, उजवीकडं देवीले. दोघाईलेही एकाच वेळी. माणसाले जमते काय हे?"

रहमतला जमत नव्हतं. उभ्या आयुष्यात त्याने इंजिनं उघडली, गिअरबॉक्स उघडले, पण अंगावर काटा यायची ही पहिली वेळ. घरी गेल्यावर त्याने बायकोला, अमिनाबीला सांगितलं, तर ती म्हणाली, "या गुरुवारी दर्ग्यावर मी त्याच गाडीनं जाईन."

"गाडी खराब आहे ते."

"तुमाले काय समजते?"

हे त्याला लागलं. सकाळी त्याने व्हॅन गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी केली आणि खाली शिरला. शिरला तो बराच वेळ बाहेरच येईना.

"भावसिंग," शेवटी खालून आवाज आला, "गिअरबॉक्सच्या रबराले हळद काहून लागली?"

गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो ते रबर पुरणासारखं मऊ झालं होतं. पिवळं होतं आणि वासही येत होता.

"खांदशेकणी केलती," भावसिंग म्हणाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, हे काय मिस्त्रीला सांगायचं? "आमच्या आज्याची बैलाईची लेन होती, लांब रांग. मिठाची पोती घेऊन कुठून कुठी जायची. माह्यापाशी बैल नाई, हे एकच आहे. मंग तिचा खांदा कोण शेकीन?"

"गाडीले खांदा असते काय?"

"वजन जिथं बसते थो खांदा. तूच त मागं म्हणलं होतं, समदं वजन या रबरावर बसते."

रहमतने म्हटलं होतं खरं.

"कधीपासून चोळून राह्यला?"

"गाडी घेतली तवापासून. आवतनही देतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"आन् जेवाले काय देतं?"

"पेट्रोल. टाकी भरून. वर्षातून त्याच दिवशी."

रहमतने गाडीखाली पडल्या पडल्या हिशोब जुळवला. लोण्याने रबर कुजलं होतं. खड्डा आला की गिअरबॉक्स डुलायचा, गियर सुटायचा, शेजारची अर्थिंगची वायर ओढली जायची आणि करंटला वाट सापडली नाही की तो हॉर्नमध्ये शिरायचा, लाइटमध्ये शिरायचा, वायपरमध्ये शिरायचा. दोन रोग, एकच कारण, आणि कारण काय, तर माया. गाडीवर इतकी माया करणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. आणि इतकी माया सोसून चालणारी गाडीही नाही.

त्याने नवं रबर बसवलं, वायर कसली आणि भावसिंगकडून शपथ घेतली: हार घाल, कुंकू लाव, खांद्याला हात लावायचा नाही.

त्या दिवशी व्हॅन फाट्यावरून गेली. हॉर्न नाही, लाइट नाही. गियर खिळ्यासारखा जागेवर. रहमत पुढे बसून मिशीत हसत होता.

"थांबव," खेमसिंग म्हणाला.

"काहून बावा?"

"हिनं सलाम नाई केला. ज्या गाडीले पिराची लाज नाई, देवीची लाज नाई, थिच्यात मी बसत नाई." आणि म्हातारा भर उन्हात उतरला. मागून कोंबड्यावाली उतरली. खतवाले उतरले. पोतीसुद्धा उतरली.

आठवड्याभरात व्हॅन रिकामी धावू लागली आणि जमनाबाई गॅरेजात येऊन उभी राहिली.

"रहमतभाऊ, गाडीतलं काय काढून घेतलं तुमी?"

"काई नाई काढलं. उलट नवं टाकलं."

"मंग जुनं परत टाका."

जुनं परत टाकता येतं, असं रहमतला वाटलं. धंद्याचा सवाल होता. त्याने वायर ढिली केली. व्हॅन बाजारात, दवाखान्यासमोर, मयतीत, सगळीकडे कोकलली, फक्त फाट्यावर गप्प बसली. त्याने रबर सैल केलं, तर गियरच पडेना. लोणी-हळद आणून स्वतःच्या हाताने चोळली. काही नाही. माया लागते, ती कुठून आणणार?

"तुले दुरुस्तच करता येते," भावसिंग दुःखाने म्हणाला. "कायचा मिस्त्री तू?" आणि गाडी हायवेकडे वळवली.

काचवाल्यांनी कॉम्प्युटर लावला. व्हॅनमध्ये त्याची पिन बसायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी सगळं खोललं आणि जसं जमेल तसं परत जोडलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर व्हॅन खड्ड्यात उतरली आणि पूर्ण बंद पडली. हॉर्न नाही, लाइट नाही, इंजिनही नाही. नुसतं नाक खाली.

"साष्टांग," खेमसिंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता रोज फाट्यावर सगळे उतरतात, पिराला आणि देवीला हात जोडतात, गाडी ढकलतात, ती चालू होते. जमनाबाई खूश आहे, कारण उतारावर गियर सुटत नाही. टपावरही जागा मिळत नाही. अख्ख्या तांड्याचे टेम्पो काचवाल्यांकडे लागलेत.

एका गुरुवारी अमिनाबी चादर घेऊन भावसिंगच्या गाडीकडे निघाली. रहमत म्हणाला, "थांब, मी स्कूटरनं सोडतो."

"तुमच्या हातची गाडी नको," ती चप्पल घालत म्हणाली. "कुठंच थांबत नाई ते."